भट्टीचा ठिपका

आमच्या आत्याला कुणी विचारलं, काय काम करता, की ती सांगायची, "आभाळातून आलेल्या चहाड्या ऐकते." ते काही खोटं नव्हतं. उन्हाळ्यात उपग्रह गवताळ माळांवरून फेऱ्या मारतात आणि खाली जिथे तापलेलं दिसेल तिथला लाल ठिपका तिच्या पडद्यावर येतो. वणवा असेल तर आत्याने बंबवाल्यांना फोन करायचा. पण उपग्रहाला अक्कल बेताची. पत्र्याचं छप्पर तापलं तरी तो बोंब मारतो. म्हणून धान्यातले खडे निवडावेत तशी आत्या ठिपके निवडायची.

तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, माळावर विटांची भट्टी लावायचे. एकदा वणवा समजून बंब तिथे गेला आणि पेटत्या भट्टीवर पाणी मारून आला. विटांचा चिखल झाला. काकांनी आत्याशी बोलणंच टाकलं. तेव्हा तिने साहेबांना सांगून त्या जागेवर खूण करून घेतली: कायमची भट्टी, दुर्लक्ष करा.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो ठिपका उमटला की तिचा फोन जायचा.

"पेटवलीस का दादा?"

"दिसली तुला?"

"सगळं दिसतं. तू जेवलास की नाही, तेवढं दिसत नाही."

"मग त्या उपग्रहाला जरा खाली वाकायला सांग."

काकू गेल्यावर काका माळावर एकटेच राहिले. गुडघे कुरकुरू लागले, गिऱ्हाइकं सिमेंटच्या ठोकळ्यांकडे वळली. यंदा उन्हाळा अर्धा सरला तरी ठिपका येईना. आत्याने विचारलं की काका म्हणायचे, "सरपण रचून ठेवलंय. जरा ओल जाऊ दे." ओल कसली, माळ वाळून कोळ झाला होता. भट्टी पेटली नाही तर दादा अंथरूण धरणार, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. कचेरीत आली की आधी तीच जागा बघायची.

आणि एका दुपारी ठिपका उमटला. आत्याने अख्ख्या कचेरीला चहा पाजला. काकांचा फोन लागेना, तर आमच्या घरी केला. "दादाने पेटवली एकदाची." माझे वडील म्हणाले, "म्हातारा अजून खमका आहे."

संध्याकाळच्या फेरीत त्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग लागली. भट्टी अशी पसरत नसते.

बंब पोचला तोवर माळ काळा झाला होता. काका सरपणाच्या ढिगापाशी सापडले, हातात ओलं पोतं. गवत पेटलेलं पाहून पळायचं सोडून ते लाकडं वाचवायला गेले होते. शेजारच्या कच्च्या विटा तेवढ्या एका अंगाने भाजून निघाल्या होत्या.

साहेब म्हणाले, सगळं नियमाप्रमाणेच झालं, तुमची चूक नाही. आत्या "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावरच्या सगळ्याच खुणा पुसून टाकल्या.

आता ती एकही ठिपका सोडत नाही. बंबवाले पार वैतागलेत. परवा त्यांचा मुकादम तणतणत आला.

"बाई, एवढ्या लांब पाठवलंत. नुसता तापलेला खडक होता."

"जवळ जाऊन बघितलंत?"

"हात लावून बघितला."

"कुणी नव्हतं ना तिथे?"

"कोण असणार बाई, खडकावर?"

"नव्हतं ना पण?"

मुकादमाचा आवाज खाली आला. "नव्हतं."

"बरं झालं," आत्या म्हणाली आणि पुढच्या ठिपक्याचा पत्ता त्याला सांगू लागली.