घरं तिची, लढाया माझ्या

मुलगा नोकरीला लागला तसा त्याने आपला जुना कॉम्प्युटर आमच्या गळ्यात मारला. त्यात प्राचीन ग्रीसमधलं शहर वसवायचा एक गेम होता. मी निवृत्त मास्तर, मला वेळच वेळ. पण आठवड्याभरात बायकोही शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली आणि कामाची वाटणी झाली. घरं तिची, लढाया माझ्या.

घरं ती आमच्या राहुरीकडच्या वस्त्यांसारखी बांधायची. एक इथे, एक पार तिकडे, मध्ये ऐसपैस जागा. त्या गेममध्ये तेल-धान्य विकणाऱ्या बाया रस्त्याने फिरतात, त्यांच्या वाटेवरच्या घरांनाच माल मिळतो. आमच्या बाया अर्ध्यातूनच माघारी वळायच्या. तेल संपलं की घराची रया जायची. चांगले शिपाई मिळतात ते चांगल्या घरांतून, त्यामुळे माझं सैन्य कायम मूठभर.

"अगं, भिंतीला भिंत लावून बांध ना!" मी करवादायचो.

"आन् शेळी कुठं बांधायची त्यांनी? तुमच्या डोक्यावर?"



तेच मूठभर गडी घेऊन मी परमुलखात चाल करून जायचो. ते तिला बिलकूल खपायचं नाही. "माघारी आना त्यांना. घरी कुनी न्हाई तर जिकून करायचं काय?" म्हणायची.

मग तिच्या पोटातलं दुखणं निघालं. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी पुन्हा झालं. डॉक्टर म्हणाले, पुण्याला एक उपचार आहे, खात्री मात्र नाही. मी लगेच गाडी ठरवली.

"अहो, लई लढलो आपन," ती म्हणाली. "आता मला घरी न्या."

मी हट्टी माणूस. गेममध्येसुद्धा शेवटचा शिपाई पडेपर्यंत कधी माघार घेतली नव्हती. भांडलो, विनवण्या केल्या, तिच्यासमोर रडलोसुद्धा. तिने माझा हात धरला आणि पुन्हा तेच म्हणाली. गाडी वस्तीकडे वळवली.

पाडव्याच्या आत ती गेली, घरीच, आपल्या अंथरुणावर. पाहुणे अजून विचारतात, पुण्याला का नेलं नाही? तिची इच्छा नव्हती, असं मी सांगतो, आणि ते खरंच आहे. तरी दुपारी घर सामसूम झालं की वाटतं, ऐकायला नको होतं तिचं. फार तर चिडली असती, अबोला धरला असता. तो अबोला मला चालला असता.