यूपीएसवरची कडक भाकरी

कडक भाकरीचं पुडकं उघडलं, की त्या खरपूस वासाबरोबर मला सोलापुरातलं चादर कारखान्याचं ऑफिस आठवतं. ते ऑफिस नव्या इमारतीत जाणार होतं; तिथे वीज आणि एसी किती लागेल, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं, हे माझं नोकरीतलं पहिलंच काम. ऑफिसातली यंत्रं किती उष्णता सोडतात, यावर एसी ठरणार होता. मी प्रत्येक यंत्रामागच्या पट्टीवरचे वॅट उतरवले, सरळ बेरीज केली आणि मॅनेजरना ऐटीत सांगितलं, "तुम्ही धरलाय त्याच्या दुप्पट मोठा एसी लागेल." त्यांचा चेहराच उतरला. चहा घेऊन आलेल्या मावशी मात्र हसल्या. "एवढं गरम कुटं हाय, म्याडम? पावसाळ्यात भाकरी मऊ पडती, म्हणून मी समद्यांवर ठिवून बघितली की! प्रिंटर घटकाभर तापतो, कोपऱ्यातले कॉम्प्युटर तर कोण लावतच न्हाय. भाकरी कडक ऱ्हाती ती फकस्त त्या यूपीएसवर." मी एकेका यंत्रावर तळहात ठेवत फिरले, मग प्रत्यक्षात वीज किती जाते ते मोजायला मीटर लावला. मावशींचंच खरं निघालं: पट्टीवरच्या आकड्यांपेक्षा यंत्रं कितीतरी कमी वीज घेत होती. बेरजेचा कागद मी फाडून टाकला आणि दुपारी त्यांच्याच भाकरीवर शेंगाचटणी घेऊन जेवले. आता माझ्याकडे भारी मीटर आहेत, पण नव्या ऑफिसात गेले, की ते पिशवीतून काढण्याआधी मी चहा देणाऱ्या माणसाला गाठते आणि विचारते, "तुम्ही डबा कशावर ठेवता?"