सागवानातला स्क्रू

आमच्या मागच्या गल्लीत तिला सगळे टेस्टर म्हणतात. वडील सुतार, त्यांच्या कानावर पेन्सिल, तर हिच्या अंबाड्यात टेस्टर खोचलेला. गावभरच्या घरांचं वायरिंग ही करते, पण वडिलांच्या कारखान्यातल्या वायरींना हात लावायची सोय नव्हती. "चाललंय ना? मग कशाला उचकायचं!" असं ते म्हणायचे.

मग एका सकाळी करवतीच्या मशीनने त्यांना असा झटका दिला, की ते भुशाच्या ढिगात जाऊन पडले. ढीग होता म्हणून निभावलं. आईने कारखान्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि भंगारवाल्याला निरोप धाडला.

"आई, मशीनं ठणठणीत आहेत. वायरी जुन्या झाल्यात."

"तुझे बाबाही जुने झालेत. पण ते मला हवेत."

दोन दिवस टेस्टरने आईची पाठ सोडली नाही. शेवटी किल्ली मिळाली, ती दोन अटींवर. भंगारवाला यायच्या आत काम व्हायला हवं, आणि चालू मशीनला पहिला हात आई लावणार. तिला जरा जरी मुंग्या आल्या, तरी मशीनं गेली.

जुनी वायर काढण्याआधी तिच्या प्रत्येक टोकाला चिकटपट्टीची खूण करायची, ही टेस्टरची पद्धत. वायरींवरच्या रबराचा बोट लावताच बिस्किटासारखा भुगा होत होता. रंध्याचं मशीन झालं, लेथ झाला. करवतीलाही नव्या वायरी पडल्या, विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसला. तिने मशीनच्या अंगाला टेस्टर लावला आणि दिवा पेटला.

"झालं?" दारातून आई म्हणाली. "बोलवू त्याला?"

"थांब जरा."

मेन बंद करून ती अर्थिंगच्या वायरीमागे निघाली. करवतीच्या सागवानी बैठकीत सुरेख खाच, खाचेत वायर, वर पट्टी. आणि टोक पितळी स्क्रूने थेट सागवानात पिळलेलं. लोखंडाला ती कुठेच टेकत नव्हती.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मीच!" सुतार खुलले. "वायरमन लोंबकळती सोडून गेला होता. बघ, हाताला तरी लागते का!"

"काम एक नंबर आहे. पण ही लोखंडाला लावायची असते, बाबा. लाकडातून वीज जमिनीत कशी जाणार?"

सुतारांनी कानावरची पेन्सिल उगाच काढून पुन्हा ठेवली.

"आणि मला इतकी वर्षं सांगत होते, अर्थिंग केलंय, काळजी करू नकोस!" आई म्हणाली.

टेस्टरने लोखंडावरचा रंग खरवडला, वायर बोल्टखाली आवळली. मेन चालू केला. खटकन नवा स्विच पडला. वर केला, पुन्हा पडला.

"आता तर सुरूच होईना," आई म्हणाली.

"आई, हेच हवं होतं! आता आधी स्विच पडेल, बाबा नाही."

आई त्या पडलेल्या स्विचकडे बघत राहिली. मग स्टूल ओढून बसली.

गळती मोटारीच्या तोंडाशी सापडली. लोखंडी भोकावर घासून आतली वायर उघडी पडली होती. तीही बदलून होईतो बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"थांबायला सांगा त्याला," आई मान न वळवता म्हणाली.

करवत फिरू लागली. टेस्टरचा दिवा विझलेलाच. आईने पात्यापासून लांब, लोखंडावर तळहात टेकला आणि टेकूनच ठेवला.

"काढ की आता," सुतार म्हणाले. "मला काम आहे."

भंगारवाला जुन्या वायरींचं भेंडोळं तेवढं घेऊन गेला. आईने किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

"म्हणजे रोज हिच्याकडून किल्ली मागायची?" सुतार म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "आणि आधी ते स्क्रूचं भोक बुजवा."