टपावरची पाटी

“मावशे, दांडी धर,” एवढंच तो म्हणाला. जीप उजवीकडे कलली ती कललीच. मी वर, तो खाली, आणि टपावरची फायनान्स कंपनीची पत्र्याची पाटी नाल्यात वाकून पडलेली.

हसनाबादहून जालन्याला पेरू विकायला मी त्याच्याच जीपमध्ये जायची. जीप सुरू करताना तो रोज हेच म्हणायचा, “मावशे, दांडी धर.” तुम्ही जीपवाले पाहिलेत, हॉर्न वाजवून जीव खातात. याला कुणी घाई केली की म्हणायचा, “जल्दी असंल तर उतरून पळा. मी बराबर पोचवीन.” आणि पोचवायचा. माझा एक पेरू कधी दबला नाही.

अशा माणसानं जीपांच्या शर्यतीत नाव दिलं, तेव्हा गाव हसलं. फायनान्स कंपनीचा साहेब त्याच्याच जीपनं जायचा, त्यानं कंपनीकडून नवे टायर आणि डिझेल दिलं. शर्टावर कंपनीचं नाव आलं. जिंकला तर नवी जीप मिळणार होती. जुनीचा टप गळायचा, सवाऱ्या भिजायच्या, याची त्याला फार लाज वाटायची.

त्याचा हात भरल्या जीपवर बसलेला. रिकामी उड्या मारते म्हणून शर्यतीच्या दिवशी त्यानं मागं सरकीची पोती टाकली आणि पुढं मला बसवलं.

“माझं वजन मोजलं का रे, मेल्या?”

“मोजायचं काय? दोन पोत्यांचं काम एकटी करतीस तू.”

टपावर दाराएवढी पाटी ठोकलेली. मी म्हटलं, “ही वारा धरंल.” साहेबही म्हणाला, “नको वाटत असेल तर काढ.”

“न्हाई साहेब. टायर तुमचे घालायचे अन् नाव घरी ठेवायचं, हे आपल्याला जमत न्हाई.”

चूक झाली ती तिथं. पण असं चुकणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

शेवटच्या वळणावर आम्ही पुढं होतो. उजवीकडून वारा आला, पाटीनं तो धरला आणि जीप डावीकडं ओढली गेली. डावीकडच्या बांधावर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. उजवीकडं कोरडा नाला होता, आणि जीपमध्ये उजवीकडं तोच होता. त्यानं स्टेअरिंग नाल्याकडं फिरवलं आणि मला दांडी धरायला सांगितलं.

बांधावरची सगळी वाचली. मी वाचले. तो वाचला नाही.