वाढत्या अंगाची टाकी

आमच्या घरात कपडे नेहमी वाढत्या अंगाचे घेतले जात. लेकीचा फ्रॉक पहिलं वर्ष झग्यासारखा लोंबायचा, आणि मापात येईतो त्याचा रंग उडालेला असायचा. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत चँडलरला होतो. तिथे दहा वर्षांच्या लेकीने हट्टाने सापाचं पिल्लू आणलं, तेव्हा ह्यांनी त्याच्यासाठी चांगली चार फुटी काचेची टाकी घेतली. पिल्लू पेन्सिलीएवढं.

"वाढेल की ते! दर वर्षी काय नवी टाकी आणायची?" हे म्हणाले. इंजिनिअर माणूस, त्यांच्याशी कोण वाद घालणार?

मला साप मुळीच नको होता. बिनविषारी आहे, असं दुकानदाराने बजावून सांगितलं तरी मी टाकीकडे फिरकत नसे. त्याच्या खाण्यासाठी उंदराची गुलाबी पिल्लं आली आणि फ्रीजरमध्ये माझ्या खोवलेल्या नारळाशेजारी बसली, तेव्हा तर मी अबोलाच धरला.

पण पिल्लू खाईना. लेक चिमट्यात उंदीर धरून त्याच्यापुढे हलवायची, ते मागे सरकायचं. आठवडे गेले, तसं ते रोडावलं. असंच चाललं तर जगणार नाही, असं दुकानदार म्हणाला. लेकीचं तोंड एवढंसं झालं. तिच्याकडे बघवेना, म्हणून एका दुपारी मी पहिल्यांदा टाकीसमोर खुर्ची ओढून बसले.

एवढी ऐसपैस टाकी, आणि पिल्लू पाण्याच्या वाटीमागे अंग चोरून पडलेलं. मला लगेच कळलं. त्या चार बेडरूमच्या घरात आल्यापासून हे ऑफिसला गेले की मीही लाँड्रीच्या चिंचोळ्या खोलीत जाऊन बसायची. बाकीचं घर अंगावर यायचं.

संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "अहो, त्याला भीती वाटतेय. लहान जागा द्या त्याला."

"अगं, मोठी जागा कुणाला नको असते?"

"मला."

मी बुटांचा प्लॅस्टिकचा डबा रिकामा केला. ह्यांनी त्याला भोकं पाडली, लेकीने आत कागद चुरगळून टाकले. पिल्लू कागदांत शिरलं ते दिसेनासंच झालं. थोडे दिवस कुणी हात लावायचा नाही, अशी मी ताकीद दिली. मग लेकीने उंदीर आत ठेवून झाकण लावलं आणि शेजारीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने ते उघडलं.

"आई! ही एट इट! खाल्लं त्याने!"

मी धावत गेले. उंदीर नव्हता, आणि पिल्लाच्या अंगावर मधोमध फुगवटा होता. लेक मला बिलगली आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. सापासाठी रडणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन.