माझ्या मोटारीचा साक्षीदार

अकोल्याच्या विमा कचेरीतले एक कारकून दिवसभर मोटारींचे विमे उतरवीत आणि स्वतः मात्र मोटारीला भीत. रस्त्यात भोंगा ऐकू आला की छत्री काखेत दाबून गटारापलीकडे जात आणि धुरळा बसेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

रंगून सोडून मी इथं आलो, जुनी मोटार घेतली आणि विम्यासाठी त्यांच्यापुढं उभा राहिलो. तिकडची माझी मोटार चालवण्याची कागदपत्रं लढाईत गेली होती. गावातल्या कुणीतरी माझं चालवणं पाहून ते नीट असल्याचं सांगावं, असं कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं पडलं.

"मला इथं ओळखतंय कोण?" मी म्हणालो.

कारकुनांनी चष्मा पुसला. बोलायचं झालं की ते आधी चष्मा पुसत.

"बाप्पा! इतक्या दुरून आले तुमी, अन् मानूस भेटत नाही म्हंता? मी येतो ना. चला."

बसण्याआधी त्यांनी मोटारीला नमस्कार केला. कापसाच्या बैलबंड्यांमधून मी गाडी काढली. दोनदा बैल बुजले. ते डोळे गच्च मिटून मारुतीरायाचं नाव घेत होते.

"बघा तरी," मी म्हटलं.

"तुमी समोर पाहा जी! माह्याकडे काहून पाहून राहिले?"

परतल्यावर साहेबांनी विचारलं, "नीट पाहिलंत?"

त्यांनी चष्मा पुसला.

"सोताच्या डोयानं पाह्यलं, साहेब. लय सांभाळून चालवतेत."

तेव्हापासून समोर बैल दिसले की मी गाडी थांबवतो. त्यांचा शब्द खोटा पडायला नको.