टॉवेल टाकलेली जागा

रेगेन्सबर्गच्या बेसबॉल मैदानावर दर रविवारी आम्ही ऑफिसवाले एकच विषय चघळायचो: टीमच्या मॅनेजरला, म्हणजे मुख्य कोचला, कधी काढणार आणि नवा कोण येणार. पुढच्या बाकावरचे एक जर्मन आजोबा त्यात कधीच पडायचे नाहीत. शेजारच्या जागेवर टॉवेल टाकून ठेवायचे आणि कितीही गर्दी असली तरी तिथे कुणाला बसू द्यायचे नाहीत.

एकदा मी विचारलंच, "कुणासाठी धरलीय?"

"मॅनेजरसाठी. तुम्ही त्याला घालवलंत, तर त्याने मॅच कुठे बसून बघायची?"

शेवटी त्याला काढलंच. पुढच्या रविवारी नव्या मॅनेजरचं नाव पुकारलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. आजोबांनी टॉवेल उचलला. जुना मॅनेजर येऊन तिथे बसला. माझे हात थांबले.

आजोबा मागे वळले. "थांबलात का? वाजवा. तो ऐकतोय."